मुरबाडची साइडकार

मुरबाडला रेल्वे नव्हती, आणि माझं पोट त्यावरच चालायचं. शहापूरकडच्या माणसाला आसनगावला जाऊन आगगाडीत बसता यायचं. मुरबाडच्या माणसाला कल्याण गाठायचं तर सर्व्हिस मोटारीची वाट बघायची, नाहीतर बैलगाडी जुंपायची, नाहीतर चालू लागायचं. एखादा वखारवाला, जंगलाचा ठेकेदार, मोजणीखात्याचा माणूस, अशा मोजक्या लोकांकडे मोटारसायकली होत्या. त्या सगळ्या दुरुस्तीला माझ्याकडे यायच्या. माझा हात फार चांगला म्हणून नव्हे. बिघडलेली गाडी दुसरीकडे न्यायची सोयच नव्हती.

काम मी शहापूरला शिकलो. कसाऱ्याचा घाट उतरून आलेल्या मोटारी आग्रा रोडवर जिथं थांबायच्या, तिथं एका उस्तादाचं पत्र्याचं गॅरेज होतं. उस्ताद रागवत नसत. चूक झाली की हातातला पाना काढून घेत आणि ते काम स्वतः करत. तेवढ्यानं आमची कानशिलं तापायची. सन तीसच्या पुढेमागे मी मुरबाडला मोटार स्टँडच्या मागे स्वतःचं दुकान घातलं. वर गवताचं छप्पर, खाली सागाची एक जाड फळी, आणि उस्तादांनी निरोप देताना दिलेला एक व्हाइस, काम आवळून धरायचा.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलंय, धंद्यातल्या गमती लिहा. गमती होत्याच. एक जंगल ठेकेदार मला सांगायचा, सायलेन्सर काढून टाक, मी येतोय हे मजुरांना लांबून कळलं पाहिजे. काढला. त्याच मजुरांपैकी एकानं पुढे बाजारात भेटून माझे आभार मानले. आवाज लांबून आला की विड्या विझवून कुऱ्हाडी हातात घ्यायला भरपूर वेळ मिळतो, म्हणाला. असं बरंच सांगता येईल. पण लिहायला बसलं की ठेकेदार मागे राहतो आणि डॉक्टर देवस्थळी समोर येऊन बसतात. तेव्हा त्यांचंच सांगतो.

डॉक्टर मुरबाडला दवाखाना चालवत. किडकिडीत, उंच, खाकी कोट, डोळ्यांवर धुळीचा चष्मा. त्यांच्याकडे विलायती बनावटीची एका सिलिंडरची मोटारसायकल होती आणि तिला डाव्या बाजूला साइडकार जोडलेली. आमच्याकडचे लोक त्या साइडकारला होडी म्हणायचे. ती त्यांनी लग्नानंतर बायकोसाठी घेतली होती. वहिनी नऊवारीचा पदर घट्ट खोचून त्या होडीत बसायच्या आणि दोघं म्हसा गावच्या रस्त्यानं फिरायला जायची. गाव हसायचं. वहिनींनाही हसू यायचं, पण त्या बसायच्या. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच विषमज्वरानं त्या गेल्या. त्यानंतर बराच काळ डॉक्टर गाडी चालवायचे ते साइडकारवर ताडपत्री बांधून.

ती ताडपत्री सुटली ती एका अडलेल्या बाईसाठी. सिद्धगडाच्या बाजूच्या एका पाड्यावर डॉक्टरांना बोलावणं आलं होतं. बाईला कल्याणच्या इस्पितळात नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि बैलगाडीत तिचा निभाव लागला नसता. डॉक्टरांनी दोऱ्या कापल्या आणि तिला वहिनींच्या जागेवर बसवलं. ती बाई आणि तिचं मूल दोघं वाचली. तेव्हापासून पाड्यापाड्यांत बातमी झाली की दागतरांच्या होडीत बाई बसली की ती परत येते.

ही बातमी खरी ठेवायची म्हणजे इंजिनावर फार भार. आता थोडं इंजिनाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिलिंडर म्हणजे बिडाची एक नळी, आतून आरशासारखी गुळगुळीत. तिच्यात पिस्टन वरखाली पळतो. पिस्टन दिसायला पालथ्या पेल्यासारखा, अॅल्युमिनमचा. त्याच्या अंगावर खाचा असतात आणि त्यांत बिडाच्या कड्या बसतात, त्यांना रिंगा म्हणतात. पेट्रोल जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि त्या जोरावर चाक फिरतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात केसाइतकी मोकळी जागा लागते, कारण तापला की पिस्टन फुगतो. जागा जास्त झाली तर जोर निसटतो. कमी पडली किंवा तेल पुरेनासं झालं तर फुगलेला पिस्टन नळीला चिकटतो आणि चालतं इंजिन एकदम थांबतं. याला आमच्या धंद्यात 'इंजिन धरलं' असं म्हणतात.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून सामान येणं बंद झालं. पेट्रोल कुपनावर, तेल पाण्यासारखं पातळ. डॉक्टरांचा पिस्टन झिजला होता. मुंबईच्या दुकानांत हिंडलो, त्याच्या मापाचा मिळाला नाही. शेवटी मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा एक पिस्टन आणला, कल्याणच्या लेथवाल्याकडून त्याच्या पिनेचं भोक बसतं करून घेतलं, सिलिंडर त्या मापाला घासला आणि बसवला. गाडी चालली. पण मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं, की हा परक्या घरचा पिस्टन आहे, एकट्या माणसाला ओढून नेईल. साइडकार, तिच्यात बाई आणि मागे तिचा माणूस एवढं घेऊन चढावर दामटलीत तर धरेल. साइडकार काढून ठेवू या, लढाई संपली की परत जोडू.

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, एकट्याला जायचं असतं तर मी सायकल घेतली असती."

त्या वर्षी चैत्रात ते झालं. सिद्धगडाच्याच बाजूच्या पाड्यावरच्या लहानू नावाच्या माणसाची बायको, सखू तिचं नाव, दोन दिवस अडली होती. मूल आडवं आलं होतं. डॉक्टरांनी तिला साइडकारमध्ये निजवल्यासारखं बसवलं, लहानू मागच्या सीटवर बसला, आणि भर दुपारी ते कल्याणला निघाले. पाड्याकडून येताना म्हशाच्या अलीकडे एक लांबलचक चढ आहे. तो अर्धा चढल्यावर इंजिन धरलं.

धरलेलं इंजिन निवलं की पुष्कळदा सुटतं. यांचंही सुटलं, पण चिकटताना रिंग तुटली होती. किक मारली तर पाय नुसता खाली जायचा, आत दाबच राहिला नव्हता. लहानू बैलगाडी शोधायला पळाला. तो गाडी घेऊन परत आला तेव्हा सखू गेली होती. डॉक्टर रस्त्यावर तिच्याशेजारी बसले होते आणि आपल्या हॅटनं तिच्या चेहऱ्यावर सावली धरून होते. मूल पोटातच गेलं.

मोटारसायकल दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून माझ्याकडे आली. पाठोपाठ डॉक्टर आले. म्हणाले, माझी तक्रार नाही, तुम्ही सांगितलं होतंत. जुळवून ठेवा आणि एखादं गिऱ्हाईक बघा. मला आता ही नको.

मी इंजिन उघडलं. पिस्टनच्या एका अंगाला धातू वितळून फासला गेला होता, मधली रिंग दोन ठिकाणी तुटली होती आणि सिलिंडरच्या भिंतीला अॅल्युमिनमचे पांढरे पट्टे चिकटले होते. तो पिस्टन गेला. मोडीच्या त्याच गाडीला जुळी बहीण होती, म्हणजे तिच्यासारखीच दुसरी, आणि तिचा पिस्टन मी आणून ठेवलेला होता. सिलिंडर पॉलिश कागदानं हळूहळू घासत बसलो. ज्या कामाला एरवी मी शीळ घालत बसायचो त्या कामाला त्या दिवसांत तोंडातून आवाज फुटत नव्हता. माझ्या कामात खोट नव्हती. पण हे कोणाला सांगायचं आणि सांगून काय करायचं.

सखूचं दिवसकार्य झाल्यावर लहानू आला. मी त्याला ओळखत नव्हतो. मध्यम उंचीचा, खांद्यावर घोंगडीची घडी, डोकं नुकतंच भादरलेलं. डॉक्टर त्याच वेळी दुकानात होते, काम कुठवर आलं ते बघायला आलेले. त्याला बघून ते स्टुलावरून उठले. लहानूनं त्यांना हात जोडले आणि मग माझ्याकडे वळला.

"मिस्तरी तुमीच ना? गाडीत काय अडाकलं ता मना दाखवा."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी फळीखालून तो खराब पिस्टन काढला, फडक्यानं पुसला आणि लहानूच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, तोलून बघितला, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"एवढाच?"

"एवढाच."

"पोराच्या डोक्यायेवढा पन नाय," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, अडकणार आहे ते आधी कळतं का. मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यानं प्रश्न मिस्त्रीला विचारला होता. मी सांगितलं, की कळतं. आवाज बदलतो, जोर कमी होतो, तेव्हाच थांबून इंजिन निवू दिलं तर पुष्कळदा वाचतं.

"दागतरांना कळलं व्हतं?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "कळलं होतं. चढ लागला तेव्हाच आवाज बदलला होता. थांबायला हवं होतं. ती कण्हत होती, माझ्याच्यानं थांबवलं नाही."

एवढं बोलून ते उभेच राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. हात खाली, चष्मा हातात, समोरचा जे म्हणेल ते घ्यायला तयार असल्यासारखे.

लहानूनं पिस्टन फळीवर ठेवला. "तुमी कुठले थांबता," तो म्हणाला. "मी मागं बसून सारखा वरडत व्हतो ना, बिगी चला, बिगी चला. मना वाटलं, गाडी मोटी, तिला काय व्हतंय."

डॉक्टर खाली बसले. लहानूही जमिनीवर बसला. मी पाणी दिलं. दोघं ते प्याले. त्या दोघांना त्यांच्यापुरतं सोडावं म्हणून मी कामाला लागलो.

पिस्टनवर सिलिंडर बसवणं हे खरं म्हणजे दोन माणसांचं काम. पिस्टन खालून येणाऱ्या दांड्याला पिनेनं जोडायचा, पिन निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेच्या बारीक चिपा घालायच्या. चिप उडून इंजिनाच्या पोटात पडली तर सगळंच परत उघडावं लागतं, म्हणून आधी इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबायचं. खाली, सांधा गळू नये म्हणून, तेलात भिजवलेल्या जाड कागदाचं गॅस्केट. मग सिलिंडर वरून पिस्टनवर उतरवायचा. रिंगा फाकलेल्या असतात, त्या बोटांनी दाबून मिटत्या धरायच्या आणि सिलिंडर अगदी हलके खाली येऊ द्यायचा, एकेक रिंग आत सरकेपर्यंत. रिंग काचेच्या बांगडीसारखी. जरा जोर केला की मोडते. मोडली तर लढाईच्या काळात दुसरी कुठून आणणार.

एरवी मी रिंगांवर पत्र्याचा पट्टा आवळून एकट्यानं भागवायचो. त्या दिवशी डॉक्टर पुढे झाले. त्यांनी दोनदा रिंग दाबली, दोनदा सुटली. लहानू उठला. काय करायचं ते त्यानं बघितलं होतं. डॉक्टर बाजूला झाले आणि त्यानं गुडघे टेकून दोन्ही हातांची बोटं पिस्टनभोवती लावली. त्याची बोटं जाड, भेगाळलेली, नांगराची मूठ धरणारी, पण दाब एकसारखा होता, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. मी सिलिंडर उतरवत होतो आणि सांगत होतो, धर, अजून धर, आता सोड. पहिली रिंग गेली, दुसरी गेली. तिसरी आत गेल्याचा टक असा बारीक आवाज झाला आणि सिलिंडर खाली टेकला. लहानूनं हात काढून घेतले आणि तेलानं माखलेल्या बोटांकडे बघत तिथंच बसून राहिला. मग त्याला रडू आलं. सखू गेल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला, असं त्यानंच पुढे मला सांगितलं.

हात धुऊन झाल्यावर त्यानं मला विचारलं, "मिस्तरी, सपाटीवर तं ही अडाकनार नाय ना?"

मी म्हणालो, सपाटीवर बेतानं चालवली तर अडकणार नाही.

तेव्हा तो डॉक्टरांकडे वळला. दुखायला लागल्यावर बोलावणं पाठवायचं आणि मग गाडीची वाट बघायची, हेच चुकतं असं त्याचं म्हणणं होतं. बाईला नववा लागला की पाड्यातले चौघं तिला डोलीत घालून तो चढ पार करून म्हशाला आणतील. घाईनं नाही, सकाळच्या गारव्यात. तिथून पुढे डॉक्टरांनी साइडकारमधून न्यावं आणि बाळंत होईपर्यंत तिला मुरबाडला ठेवून घ्यावं.

"ठेवून कुठं घेऊ?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या ओटीवर. तुमच्या घरात कोन हाय?"

कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी गाडी विकली नाही.

त्या दुपारी इंजिन चालू केल्यावर नवा पिस्टन रुळेपर्यंत थोडं फिरवून आणणं भाग होतं. डॉक्टर लहानूला म्हणाले, बस, म्हशापर्यंत सोडतो. लहानू साइडकारजवळ गेला, तिच्या कडेला हात लावला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. रिकामी साइडकार वळणावर उचलते. म्हणून मी एका पोत्यात वाळू भरून सखूच्या जागेवर ठेवली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. गाडी गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि घरी जाऊन जेवलो नाही.

पुढची काही वर्षं लहानूच्या म्हणण्याप्रमाणे झालं. कुठल्या पाड्यात कोणाला दिवस गेलेत ते लहानू हिंडून बघायचा, डोलीला माणसं जमवायचा, आणि पाड्यांवरून डोल्या उतरू लागल्या. डॉक्टरांच्या ओटीवर कधी एक बाई, कधी तिघी. सोबत सासू, नाहीतर एखादं कडेवरचं पोर. दवाखान्यात गंगूताई म्हणून एक विधवा सुईण होत्या, त्यांना डॉक्टरांनी साफसफाई, उकळलेली हत्यारं हे सगळं शिकवलं होतं. बायका तांदूळ, नाचणी घेऊन यायच्या आणि ओटीखाली चूल मांडायच्या. सगळ्याच वाचल्या असं नाही. काही गेल्या, काहींची मुलं गेली. तरी तिसऱ्या दिवशी लहानू दुसऱ्या पाड्यावर निघायचा. त्यानं परत लग्न केलं नाही. त्याच्या बहिणीनं फार आग्रह केला होता. तो म्हणायचा, बघू. पण बघितलं नाही.

मी त्यात कुठं होतो? इंजिनाच्या डोक्यावरची काजळी खरवडायची, तेल गाळायचं, रिंगा तपासायच्या. माझं काम हळूहळू कमी होत गेलं, कारण गाडीवर पूर्वीसारखा भार पडत नव्हता. धंदेवाल्याला याचं वाईट वाटायला हवं. मला वाटलं नाही.

लढाई संपल्यावर मुंबईला सामान यायला लागलं. त्या गाडीच्या खऱ्या मापाचा पिस्टन मिळाला तेव्हा मी तो हातरुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन कल्याणपर्यंत आलो. सिलिंडरमध्ये बिडाचं अस्तर घालून तो आतून मूळ मापाला कोरून आणला, पिस्टन बसवला. इतक्या वर्षांनी इंजिनाचा आवाज मूळचा झाला, भरीव, एकाच लयीचा. डॉक्टरांना बोलावून ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, मिस्त्री, हा आवाज आमच्या हिच्या वेळचा. पण किक मारायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. हिवतापानं त्यांना पोखरलं होतं, पाय सुजायचे. मीच गाडी म्हशाला नेऊ-आणू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी ओटीवर आरामखुर्चीत बसले होते, गंगूताई चहा घेऊन आल्या तर मान कललेली. पाड्यांवर निरोप कसा पोचला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नदीवर माणूस मावत नव्हता. लहानू आला तो डोली घेऊनच. वरून एक बाई आणायची ठरली होती, तिला तो मागे ठेवून आला नव्हता. सर्व्हिस मोटारवाल्यानं म्हशाहून तिला आणून सोडलं होतं.

डॉक्टरांना पोचवून आम्ही ओटीवर परतलो तर त्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. गंगूताईंनी पदर खोचला आणि दार लावून घेतलं. लहानू पायरीवर बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो. आत डॉक्टर नव्हते. बाई ओरडायची, थांबायची, परत ओरडायची. उन्हं कलली. मग आतून पोराचं रडणं आलं, बारीक, चिडकं. थोड्या वेळानं गंगूताई दार उघडून म्हणाल्या, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत.

लहानू उठला. त्यानं डोलीचं कापड झटकलं, घडी घालून बांबूला बांधलं आणि बांबू खांद्यावर घेतला. मी त्याला म्हणालो, आज थांब, चहा घे, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.

"नको मिस्तरी," तो म्हणाला. "वरच्या पाड्यात आजून एक हाय. पाऊस लागायच्या आत आनली पायजे."

आणि तो म्हशाच्या रस्त्याला लागला.